काकूंच्या डोळ्यांची पडताळणी

डोळा हा अवयव बघण्यासाठी दिलेला असला, तरी त्याचे खरे सार्थक तो तपासून घेण्यात आहे. न तपासलेला डोळा नुसताच दुखतो. तपासलेला डोळा दुखण्यास पात्र ठरतो किंवा अपात्र ठरतो. आणि अपात्र ठरूनही जो दुखत राहतो, त्याच्या दुखण्याला दुखणे म्हणत नाहीत, खोड म्हणतात. (घरगुती भाषेत यासाठी 'हिचं नेहमीचंच' असा शब्दप्रयोग आहे.)

हे तत्त्व ज्यांच्या रक्तात भिनले होते असे एक वजनमापे निरीक्षक होते. बाजारातल्या प्रत्येक काट्याची मुदतीत पडताळणी करायची, बरोबर असेल तर त्यावर मुद्रा उमटवायची आणि चूक असेल तर दुकानदाराच्या तोंडचे पाणी पळवायचे, हे त्यांचे सरकारी काम. तेच काम ते घरी बिनपगारी करीत. "ताप आलाय" असे घरात कोणी म्हणाले, की "किती?" असा प्रश्न येई, आकडा सांगता आला नाही तर ताप आलेला नसे. भाजी खारट झाली तर निरीक्षक तसे तोंडाने म्हणत नसत. हातातला चमचा खाली ठेवून ते "अंदाजाने टाकलंस ना?" एवढेच विचारत, आणि पाण्याचा पेला जवळ ओढत.

माणूस वाईट नव्हता, हे आत्ताच सांगून टाकलेले बरे. त्यांनी आयुष्यात कोणाकडून चहाचा कपसुद्धा फुकट घेतला नाही. बायकोवर त्यांचे प्रेम होते. ते किती होते हे मोजण्याचे साधन उपलब्ध नसल्यामुळे त्यांनी तो विषय कधी काढला नव्हता, इतकेच.

या बायकोला सगळी गल्ली रफूवाल्या काकू म्हणे. घराच्या पुढच्या खोलीत काकूंचे टेबल होते, टेबलावर मान वाकवता येणारा दिवा होता आणि डोक्यावर पंखा. कोणाच्या कोटाला सिगारेटने भोक पडलेले असे, कोणाची पँट खिळ्याला अडकलेली असे. काकू त्याच कापडाच्या शिवणीतून एक धागा हलकेच ओढून काढत आणि भोक होते तिथे एकेक उभा-आडवा धागा विणत जात. काम उत्तम झाले की ते दिसत नसे, त्यामुळे तारीफ नक्की कशाची करायची हे गिऱ्हाइकाला कळत नसे आणि बहुतेक जण ती करायचे राहूनच जात. असे बारीक काम करताना काकू श्वास घ्यायला विसरत नसत, पण पापणी मिटायला विसरत.

तर काकूंचे डोळे जळायला लागले.

सुरुवातीला संध्याकाळचे जळत, मग दुपारचे, मग सकाळी सुई हातात घेतल्याबरोबर. डोळ्यांत कोणी बारीक रेती टाकून वर पापणीचे झाकण लावल्यासारखे वाटे, आणि त्यातून एकाएकी घळाघळा पाणी येई. काकूंनी हे निरीक्षकांना सांगितले.

"किती जळतात?" निरीक्षकांनी विचारले.

"खूप."

"खूप हे परिमाण नाही."

"मग काय सांगू? मिरचीचा हात लागल्यासारखं होतं."

"कोणती मिरची?" असे निरीक्षकांनी विचारले, आणि यात थट्टेचा लवलेशही नव्हता. ते खरोखरच मदत करायला बघत होते.

कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणाला, "काकू, हे कोरड्या डोळ्यांचं असावं." काकूंनी घरी येऊन तसे सांगितले. निरीक्षकांनी काकूंच्या गालावरून ओघळणाऱ्या पाण्याकडे पाहिले आणि औषधवाल्याचा काटा या वर्षी दोनदा तपासायचे मनाशी ठरवले. ज्याच्यातून पाणी गळते आहे त्याला कोरडे म्हणणारा माणूस वजनातही काय करत असेल, सांगता येत नाही.

काकूंना औषध हवे होते हे तर झालेच. सुई सुटेल की काय, ही धास्तीही त्यांच्या पोटात होती. पण या सगळ्याच्या आधी त्यांना एक फार साधी गोष्ट हवी होती. आपण "जळतात" म्हटले की समोरच्याने "जळत असतील" म्हणावे. बास. एवढ्या एका वाक्याची त्या कित्येक दिवस वाट बघत होत्या आणि ते काही केल्या येत नव्हते.

शेवटी निरीक्षकांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि काकूंना पडताळणीसाठी, म्हणजे डोळ्यांच्या दवाखान्यात, नेले.

दवाखाना पाहून निरीक्षक प्रसन्न झाले. जिकडे पाहावे तिकडे यंत्रे होती आणि प्रत्येक यंत्रावर आकडे होते. बसायची खोली थंडगार, मंद उजेडाची, कोपऱ्यात मासे सोडलेली काचेची पेटी आणि पंख्याचा वारा कुठूनही नाही. आपला नंबर यायला इथे इतका वेळ लागे की रोग्याला आपोआप डुलकी लागे. काकूही डोळे मिटून छान तासभर बसल्या. महिन्याभरात त्यांच्या डोळ्यांना एवढा आराम मिळाला नव्हता. (तपासणीपूर्वी रोग्याला शक्य तितके बरे करून आत पाठवावे, ही या खोलीमागची दृष्टी असावी.)

मग एक प्रश्नावली आली. गेल्या आठवड्यात डोळ्यांत खुपल्यासारखे वाटले का? उजेड सहन झाला नाही का? वाचताना, बारीक काम करताना त्रास झाला का? उत्तरे पाच: कधीच नाही, कधी कधी, निम्मा वेळ, बहुतेक वेळ, सतत. काकूंनी पेन घेतले आणि पहिल्या प्रश्नाला 'सतत' केले.

"सतत?" निरीक्षक खालच्या आवाजात म्हणाले. "सतत म्हणजे झोपेतसुद्धा. तुला झोपेत कळतं का?"

"नाही."

"मग बहुतेक वेळ कर. खोटं नको."

काकूंनी खोडले. दुसऱ्या प्रश्नापाशी पुन्हा बोलणी झाली. तिसऱ्याला निरीक्षक 'निम्मा वेळ' म्हणाले, काकू 'बहुतेक'वर अडल्या, आणि शेवटी काकूंनी थोडे कमी केले, निरीक्षकांनी थोडे वाढवले. इतकी घासाघीस होऊनही बेरीज भरपूर निघाली. प्रश्नावली गोळा करणाऱ्या बाईंनी ती पाहून "अगंबाई" असे म्हटले. एवढ्या दिवसांत काकूंच्या बाजूने उच्चारलेला हा पहिला शब्द.

आत डॉक्टरीणबाई होत्या. हसऱ्या, मधल्या वयाच्या, नाकावर ओघळलेला चष्मा मागे ढकलायची सवय. त्यांनी आधी डोळ्यात पिवळा रंग सोडून निळ्या उजेडात पाहिले आणि काकूंना डोळे उघडे ठेवायला सांगून अश्रूंचा पातळ पडदा कधी फाटतो ते मोजले. पडदा काही केल्या फाटेना. तासभर झोपून आलेला पडदा तो. मग त्यांनी कागदाची एक अरुंद पट्टी काढली. तिचे टोक दुमडून खालच्या पापणीच्या आत अडकवायचे, रोग्याने पाच मिनिटे गप्प बसायचे आणि पट्टी किती मिलिमीटर भिजली ते बघायचे. दहाच्या वर भिजली की डोळा ठीक, असा हिशेब.

निरीक्षकांना ही पद्धत इतकी आवडली की त्यांना भरून आले. (खरे पाहता भरून येत नव्हते, ते का हे लवकरच कळेल.) त्यांनी फक्त एक नियमाचा मुद्दा काढला.

"या पट्टीची पडताळणी कशी करता?"

"म्हणजे?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आम्ही काटा तपासतो तेव्हा शेजारी प्रमाणित वजन ठेवतो. जे बरोबर असल्याची खात्री आहे असं. तसा एक निर्दोष डोळा बाजूला ठेवल्याशिवाय हिच्या डोळ्याचा आकडा मी मान्य कसा करू?"

"असा डोळा आणायचा कुठून?"

निरीक्षक दुसऱ्या खुर्चीत ताठ बसले आणि त्यांनी चष्मा काढला. "माझे घ्या," ते म्हणाले. "आयुष्यात कधी तक्रार नाही."

डॉक्टरीणबाईंनी काकूंकडे पाहिले, काकूंनी छताकडे पाहिले, आणि नवराबायकोंच्या डोळ्यांत पट्ट्या अडकवून दोघांना शेजारी शेजारी बसवण्यात आले. काकूंच्या आधीच चिडलेल्या डोळ्यांना कागद असा टोचला की पाण्याची धार लागली. पट्टी बघता बघता या टोकापासून त्या टोकापर्यंत भिजली आणि थेंब पदरावर पडू लागले. निरीक्षक निश्चल होते. त्यांना कागद टोचतही नव्हता. पाच मिनिटांनी त्यांची पट्टी काढली, तेव्हा ती पाकिटातून आत्ताच काढल्यासारखी कोरडी ठणठणीत होती; अगदी टोकाशी दोन मिलिमीटर ओल होती, आणि तीही डॉक्टरीणबाईंनी उदार मनाने धरली म्हणून.

"काकूंचा आकडा उत्तम आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अगदी नॉर्मल. तुमचे मात्र डोळे फार कोरडे आहेत हो. पण एक सांगते, या आजारात चाचणी आणि त्रास यांचं फारसं जमत नाही. त्यांचा त्रास खरा आहे. थेंब दोघांनीही..."

परंतु 'नॉर्मल' हा शब्द ऐकल्यावर पुढचे ऐकत बसणे हे पडताळणीच्या शिस्तीत बसत नाही. मुद्रा उमटली की निरीक्षक दुकानातून निघतात. ते बाहेर पैसे भरायच्या खिडकीपाशी पोचलेसुद्धा होते.

"डॉक्टर म्हणाल्या, मलाही थेंब घालायचेत," काकू जिन्यात म्हणाल्या.

"अगं, डॉक्टर लोकांना रोग्याचं मन राखावं लागतं," निरीक्षक समजुतीच्या सुरात म्हणाले. "तुझं सगळं उत्तम आहे. आनंद मान."

काकूंनी आनंद मानण्याचा प्रयत्न केला. जिन्यातल्या उजेडाने डोळ्यांना पाणी आल्यामुळे तो साजरा झाल्यासारखा दिसला.

त्या दिवसापासून घरात एक आजारी माणूस होते, आणि ते निरीक्षक होते. त्यांना काही होत नव्हते. पण स्वतःला सूट देणाऱ्यांतले ते नव्हते. दुसऱ्याचा काटा चुकला तर तो जप्त करायचा आणि आपली पट्टी कोरडी निघाली तर हसण्यावारी न्यायची, हा दुटप्पीपणा त्यांच्याने झाला नसता. त्यांनी प्रामाणिकपणे, तत्त्व म्हणून, त्रास करून घ्यायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात काही जमले नाही. दुसऱ्या आठवड्यात उजव्या डोळ्यात किंचित खुपल्याचा भास झाला आणि त्यांना हायसे वाटले. महिना उलटायच्या आत ते काळा चष्मा घालून फिरू लागले आणि कोणी "काय झालं साहेब?" म्हटले, की "दोन मिलिमीटर" असे उत्तर देऊ लागले. समोरचा माणूस बिचारा हळहळे. दोन मिलिमीटर कशाचे हे विचारण्याचे धाडस होणे अवघडच होते.

निरीक्षकांचे थेंब दिवसातून चारदा घालायचे असत आणि ते काकू घालत. कोमट पाण्यात बुडवून पिळलेले फडके त्यांच्या मिटल्या डोळ्यांवर ठेवायचे असे; तेही काकू ठेवत. संध्याकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवायचे काम साहजिकच काकूंकडे आले, कारण या घरातले प्रमाणित डोळे आता त्यांचे होते. शेजारणींना बातमी लागल्यावर त्या सुया ओवून घ्यायला येऊ लागल्या. "तुमचे डोळे दवाखान्यात पहिले आले म्हणे!" असे म्हणत त्या पुढ्यात दोरा धरत, आणि काकू ओवून देत.

मग निरीक्षकांच्या थोरल्या ताई भावाला भेटायला आल्या. या ताईंच्या मनात भावाबद्दल एक जुनी अढी होती. वडील गेले तेव्हा अख्खे घर हंबरडा फोडत असताना निरीक्षकांच्या डोळ्यांतून टिपूस निघाले नव्हते. ताईंनी ते मनात धरले होते आणि अनेक समारंभांत, विशेषतः जेवणाच्या पंगतीत, बोलूनही दाखवले होते. आता आजाराची हकिगत ऐकून त्यांनी भावाचे डोके छातीशी धरले.

"बिचाऱ्याला येतच नव्हतं गं!" त्या काकूंना म्हणाल्या. "आणि आम्ही आपलं काळजाला बोल लावत बसलो. तुझं बरं आहे बाई, तुला भरपूर येतं."

काकू निरीक्षकांच्या डोळ्यांवरचे फडके बदलायला उठल्या.

इकडे पडताळणीचा परिणाम दिसू लागला होता. तपासणीच्या आधी काकू दिवसातून अनेकदा डोळ्यांविषयी बोलत. तपासणीनंतर हे प्रमाण शंभर टक्क्यांनी घसरले. कसलेही औषध न देता, केवळ रिपोर्टच्या बळावर एवढा गुण यावा, हे वैद्यकशास्त्राला अभिमानास्पदच म्हटले पाहिजे. निरीक्षकांनी कचेरीत ही गोष्ट कौतुकाने सांगितली. काकू स्वयंपाकघरात नळाखाली ओंजळ धरून डोळे बुडवत, ही गोष्ट त्यांनी सांगितली नाही, कारण ती त्यांना माहीत नव्हती. माहीत नव्हती, कारण काकूंनी नळ हळू सोडायची सवय लावून घेतली होती. त्यांनी रफूसाठी नवीन कपडे घेणेही कमी केले होते. "आता काळ्या कापडावरचं नको," असे त्या गिऱ्हाइकांना सांगत आणि कारण विचारले तर "वेळ नाही" म्हणत. एक चांगला काळा कोट त्यांनी असाच परत पाठवला आणि तो माणूस जिना उतरेपर्यंत दारात उभ्या राहून त्याच्याकडे बघत राहिल्या. फार वाईट वाटले त्यांना.

असेच दिवस चालले असताना बाजारात एक प्रकरण उद्भवले.

सुकामेवा विकणाऱ्या एका दुकानाबद्दल एका निवृत्त मास्तरीणबाईंची तक्रार आली की माल कमी भरतो. निरीक्षक काळा चष्मा लावून गेले. आपल्या पेटीतली प्रमाणित वजने त्यांनी एकेक करून इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली. काटा बिनचूक. दुकानदार हात जोडून उभा, चेहऱ्यावर निरागस भाव. निरीक्षक पेटी मिटू लागले तेव्हा मास्तरीणबाई दारातून म्हणाल्या, "साहेब, तुम्ही आलात की हा पंखा बंद करतो."

निरीक्षक थांबले. त्यांनी वर पाहिले. काट्याच्या बरोबर डोक्यावर पंखा होता. त्यांनी तो पूर्ण वेगाने सोडायला लावला. वाऱ्याचा झोत काट्याच्या रुंद, हलक्या तबकावर पडला आणि तबकात काहीही नसताना काट्याने आकडा दाखवला. दुकानदाराचा चेहरा बदामाच्या सालीसारखा झाला.

त्या संध्याकाळी निरीक्षक घरी आले ते छाती पुढे काढूनच. काकू पंख्याखाली, दिव्यासमोर, एका पातळ ओढणीचे भोक विणत होत्या. निरीक्षकांनी काळा चष्मा काढला, खुर्ची ओढली आणि हकिगत पहिल्यापासून सांगितली.

"यातून काय घ्यायचं?" ते शेवटी म्हणाले. "यंत्र तपासायचं तर ते जिथे काम करतं तिथे, जसं काम करतं तसंच तपासायचं. थंड जागी आरामात ठेवून तपासलं तर काय, बरोबरच निघणार!"

"खरं आहे," काकू म्हणाल्या.

"साधी गोष्ट आहे. पण लोकांना सुचत नाही."

"आणि त्या मास्तरीणबाई?" काकूंनी ओढणीवरून मान वर न करता विचारले. "काटा बरोबर निघाला तरी तुम्ही त्यांचं ऐकून घेतलंत?"

"म्हणजे काय! गिऱ्हाईक उगाच कशाला येईल तक्रार घेऊन? कोणाला हौस असते? काहीतरी असल्याशिवाय माणूस बोलत नाही."

काकूंनी दातांनी दोरा तोडला.

निरीक्षक आपल्या वाक्यावर खूश होऊन थोडा वेळ बसले. मग त्यांचे लक्ष पंख्याकडे गेले. पंख्यावरून दिव्याकडे, दिव्यावरून काकूंच्या चेहऱ्याकडे. काकू सुईकडे बघत होत्या आणि त्यांची पापणी हलत नव्हती. निरीक्षक वाट बघत राहिले. बऱ्याच वेळाने ती एकदा हलली, आणि हलताना काकूंचा सगळा चेहरा आवळला गेला. डोळ्यांच्या कडा लालभडक होत्या. इतके दिवस काकूंच्याच हातून आपल्या डोळ्यांत थेंब पडत होते आणि आपण त्या वेळी छताकडे बघत होतो, हे निरीक्षकांच्या ध्यानात आले. ते उठले आणि त्यांनी पंखा बंद केला.

"दुखतंय का?" त्यांनी विचारले.

"नाही," काकू म्हणाल्या. "रिपोर्ट नॉर्मल आहे ना."

यात टोमणा असता तर निरीक्षकांना सोपे गेले असते. टोमण्याला उत्तर देता येते. पण काकूंनी ते पोस्टमनला पत्ता सांगावा तसे सांगितले, आणि ओढणी उलटी करून पुढच्या भोकाला हात घातला.

"मी रिपोर्टला नाही विचारत," निरीक्षक म्हणाले. त्यांचा आवाज जरा वेगळाच निघाला. "तुला विचारतोय."

काकूंनी सुई खाली ठेवली.

"जळतात हो," त्या म्हणाल्या. "फार जळतात. कधी कधी वाटतं, काढून बाजूला ठेवावेत."

निरीक्षकांच्या ओठांवर "कितपत" हा शब्द सवयीने आला. तो त्यांनी गिळला. चाळीस वर्षांच्या शिस्तीला हे सोपे नव्हते. "जळत असतील," ते म्हणाले.

मग त्यांनी थेंबांची न फोडलेली बाटली आणली, मुदत वाचली (माणूस एका संध्याकाळी किती बदलणार), आणि काकूंना मान मागे करायला सांगून थेंब घातले. पहिला कपाळावर पडला, दुसरा कानात गेला, तिसरा लागला. दुसऱ्या दिवशी टेबल पंख्याखालून हलवून भिंतीकडे नेण्यात आले. थेंब काकूंना, फडके काकूंना, आणि वर्तमानपत्र वाचणे निरीक्षकांकडे. अधूनमधून ते पेपरावरून मान काढून "पापणी" असे म्हणत आणि काकू पापणी मिटत. स्वतः त्रास करून घ्यायला त्यांना या धांदलीत सवड मिळेना. काळा चष्मा खुंटीवर राहिला तो राहिलाच.

दोन-अडीच महिन्यांत काकूंचे डोळे निवले. त्यांनी काळा कोट परत मागवला.

पुढच्या तपासणीची तारीख आली तेव्हा दोघे पुन्हा त्याच खुर्च्यांत शेजारी शेजारी बसले. पट्ट्या लागल्या. निरीक्षकांची पट्टी टोकापर्यंत भिजली. काकूंची, आता चिडलेल्या डोळ्याचे उसने पाणी नसल्यामुळे, जेमतेम तीन मिलिमीटर.

"थेंबांचा तुम्हाला फारच छान उपयोग झालाय," डॉक्टरीणबाई निरीक्षकांना म्हणाल्या.

"गेले दोन-अडीच महिने मी घातलेच नाहीत."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा मागे ढकलला. "आणि काकू, तुमचे डोळे तर..."

"मला एकदम छान वाटतंय," काकू म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई हसायला लागल्या आणि त्यांनी मागच्या वेळचे वाक्य पुन्हा सांगितले: चाचणी एक बोलते, माणूस एक बोलतो, दोघांचे फारसे जमत नाही, त्यामुळे आपण दोघांनाही विचारायचे आणि दोघांचेही ऐकायचे, आता बरे वाटते आहे म्हणून थेंब मात्र सोडायचे नाहीत. या वेळी निरीक्षक वाक्य संपेपर्यंत खुर्चीत होते.

जिन्यात आल्यावर त्यांनी रिपोर्ट उजेडात धरला. त्यांच्या मनात केवढी खळबळ चालली होती ते सांगता येणार नाही. बायकोची माफी मागायची असे ते कित्येक दिवस घोकत होते, आणि आज हातात सही-शिक्क्यासकट पुरावा आला होता. अशी संधी नवऱ्यांच्या आयुष्यात सहसा येत नाही.

"म्हणजे तुझे डोळे खरंच कोरडे आहेत," ते म्हणाले. "चांगलेच. हे बघ, इथे लिहिलंय. मी ताईला फोन करून सांगतो. आणि तू आता सुईला हातसुद्धा लावायचा नाहीस."

"अहो, पण आता जळत नाहीत."

"अगं, रिपोर्टमध्ये..." असे म्हणून निरीक्षक थांबले. एका हातात कागद होता आणि समोर काकू होत्या. काकू एका पायरीवर थांबून त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांना माहीत होते की आता जे काही ठरेल ते उरलेल्या आयुष्यासाठी ठरेल.

"खरंच नाही जळत?" निरीक्षकांनी विचारले.

"खरंच नाही."

"बरं," निरीक्षक म्हणाले. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात टाकली. "मग कोट पुरा कर तुझा."

आता वाचकांचे अभिनंदन केले पाहिजे. काकूंचे डोळे जळतात हे त्यांनी विनातक्रार मान्य केले. एकानेही पट्टी मागितली नाही, "किती?" म्हणून विचारले नाही, उलट निरीक्षकांना मनातल्या मनात चार शब्द सुनावले. हा समजूतदारपणा वाखाणण्याजोगा आहे, आणि त्याचे कारणही सरळ आहे. काकू आपल्या घरात राहत नाहीत. आपल्या घरात जे माणूस राहते, त्याची पाठ, डोके किंवा गुडघा (जे असेल ते) मागच्या वर्षी दुखत होता. आपण रजा काढून त्याला नेले, सगळ्या तपासण्या केल्या, सगळे नॉर्मल निघाले, आणि फाइल आपण स्वतःच्या हाताने कपाटात ठेवली. त्यानंतर ते माणूस त्याबद्दल काही बोललेले नाही. आपण धरून चाललो आहोत की बरे झाले.